बायपासचा धोका : टक्क्यांचा अर्थ नीट समजून घ्या

अँजिओग्राफीचा रिपोर्ट हाती पडला आणि त्यात 'तीन रक्तवाहिन्यांत अडथळे, बायपासचा सल्ला' असे लिहिलेले असले, की घरात पहिला प्रश्न एकच उभा राहतो : "ऑपरेशनमध्ये धोका किती?" नागपूर-वर्ध्याचे सर्जन सांगतात, "दोन-तीन टक्के." तेवढा आकडा घेऊन मंडळी दिग्रसला परततात आणि फाईल काखोटीला मारून आमच्यासारख्या फॅमिली डॉक्टरकडे येतात. कोणाला दोन टक्के म्हणजे काहीच नाही असे वाटते. कोणाला ते दोन टक्के नेमके आपल्याच वाट्याला येणार, अशी खात्री असते. दोन्ही समजुती घातक आहेत. पहिलीमुळे माणूस तयारी करीत नाही आणि दुसरीमुळे ऑपरेशन पुढे ढकलतो. म्हणून आज या टक्क्यांचा अर्थ समजून घेऊ.

टक्का कोणाचा?

'तीन टक्के धोका' याचा अर्थ असा : तुमच्यासारख्याच वयाच्या, तशाच प्रकृतीच्या शंभर रुग्णांवर हे ऑपरेशन केले, तर सुमारे सत्त्याण्णव जण घरी जातील आणि तिघे दगावतील. ते तिघे कोण, हे कोणताही डॉक्टर आधी सांगू शकत नाही. टक्का हा गटाचा असतो, एका माणसाचा नसतो. मात्र तुम्ही कोणत्या गटात बसता हे बऱ्याच अंशी सांगता येते आणि तेच महत्त्वाचे आहे. धोका केवळ ऑपरेशनचा नसतो. त्यातला मोठा वाटा रुग्णाच्या प्रकृतीचा असतो.

धोका मोजण्याचा तक्ता

१९९५ साली युरोपातील ८ देशांमधल्या १२८ रुग्णालयांनी हृदयशस्त्रक्रिया झालेल्या सुमारे १९ हजार रुग्णांची माहिती गोळा केली. कोणत्या गोष्टींमुळे मृत्यूचे प्रमाण वाढते हे त्यावरून शोधले आणि १९९९ साली एक तक्ता प्रसिद्ध केला. त्याचे नाव 'युरोस्कोअर'. यात प्रत्येक दोषाला गुण दिलेले आहेत. शाळेतल्या परीक्षेपेक्षा ही परीक्षा उलटी आहे, येथे गुण जितके कमी तितके चांगले.

काही मुख्य गुण पाहा. साठीनंतर दर पाच वर्षांना किंवा त्याच्या भागाला १ गुण. स्त्री असल्यास १. दम्यासारखा फुफ्फुसाचा जुना विकार असल्यास १. क्रिएटिनिन सव्वादोनच्या वर असल्यास, म्हणजे किडनी कमजोर असल्यास, २. गेल्या तीन महिन्यांत हृदयविकाराचा झटका येऊन गेला असल्यास २. हृदयाचे पंपिंग ३० ते ५० टक्के असल्यास १ आणि ३० पेक्षा कमी असल्यास ३. पूर्वी हृदयाचे ऑपरेशन झालेले असल्यास ३. तातडीने, त्याच दिवशी ऑपरेशन करावे लागल्यास २. बायपासखेरीज झडपेचेही काम असल्यास २.

एकूण गुण २ पर्यंत असणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण ०.८ टक्के आढळले. ३ ते ५ गुणांच्या गटात ते ३ टक्के, तर ६ व त्याहून अधिक गुण असणाऱ्यांत ११.२ टक्के होते. ऑपरेशनचे तंत्र पुढे सुधारले, तेव्हा हे जुने टक्के जास्तच दाखवू लागले. म्हणून ४३ देशांतील २२ हजारांवर रुग्णांच्या आधारे २०१२ साली सुधारित तक्ता आला. आता सर्जन तो संगणकावर वापरतात. पण जुना तक्ता बोटांवर मोजता येतो, म्हणून समजून घेण्यासाठी तोच सोपा.

स्त्रियांना एक गुण जास्त का, असे वाचक भगिनी विचारतील. त्यांच्या रक्तवाहिन्या बारीक असतात, हे एक कारण. दुसरे कारण आपल्या घरातलेच आहे. पायऱ्या चढताना धाप लागली, छाती भरून आली, तरी घरची बाई ते अंगावर काढते आणि उशिरा दवाखान्यात येते.

एकाच माणसाची दोन गणिते

आता हिशेब करून पाहू. माझ्या पाहण्यातले एक शेतकरी, वय ६२. चालताना छातीत दुखत असे, विश्रांती घेतली की थांबत असे. अँजिओग्राफीत तीन रक्तवाहिन्यांत अडथळे निघाले. पंपिंग ५५ टक्के, किडनी उत्तम. गुण किती? वयाचा १. बस्स. म्हणजे सर्वांत कमी धोक्याचा गट. सर्जनने महिनाभरात या असे सांगितले. मीही तेच सांगितले. ते म्हणाले, "डॉक्टरसायेब, कापूस घरात येऊ द्या, मंग पाहू."

कापूस घरात आला, पण त्याआधी त्यांना झटका आला. नागपूरला पोहोचले तेव्हा पंपिंग ३५ टक्क्यांवर उतरले होते. सलाईनमधून औषध चालू असतानाही दुखणे थांबत नव्हते आणि ऑपरेशन त्याच रात्री करावे लागले. आता गुण मोजा. वयाचा १, ताज्या झटक्याचे २, पंपिंगचा १, न थांबणाऱ्या दुखण्याचे २, तातडीचे २. एकूण ८. माणूस तोच, रक्तवाहिन्या त्याच, सर्जनही तेच. अडीच महिन्यांत एक गुणाचे आठ गुण झाले. ते वाचले, पण तीन आठवडे रुग्णालयात काढून. हृदयाचा जो भाग मेला तो मेलाच. आज त्यांना बांधावर फेरी मारणे जमते, वखर धरणे जमत नाही. शेत मक्त्याने दिले आहे.

या आठ गुणांत वयाचा गुण सोडला, तर बाकीचे सातही गुण उशिराचे आहेत.

जास्त गुण म्हणजे नकार नव्हे

उलट बाजूही पाहिली पाहिजे. माजी पंतप्रधान डॉ. मनमोहनसिंग यांची पहिली बायपास १९९० साली झाली होती. २४ जानेवारी २००९ रोजी दिल्लीच्या 'एम्स'मध्ये त्यांच्यावर दुसऱ्यांदा बायपास झाली. मुंबईच्या एशियन हार्ट इन्स्टिट्यूटचे डॉ. रमाकांत पांडा यांनी त्या चमूचे नेतृत्व केले. तेव्हा त्यांचे वय ७६ होते आणि मधुमेहही होता. जुन्या तक्त्याप्रमाणे वयाचे ४ व आधीच्या ऑपरेशनचे ३, असे ७ गुण या दोन गोष्टींचेच होतात. म्हणजे जास्त धोक्याचा गट. तरी ते बरे झाले, मे महिन्यात पुन्हा पंतप्रधानपदाची शपथ घेतली आणि २०२४ च्या डिसेंबरात, वयाच्या ९२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. गुण जास्त म्हणजे तयारी जास्त, अनुभवी हात जास्त, असा अर्थ घ्यावा.

ऑपरेशन न करण्याचाही धोका असतो

ऑपरेशनचा धोका एका दिवसात समोर दिसतो. न करण्याचा धोका हळूहळू, कोणाच्या लक्षात न येता साचत जातो. डॉ. सलीम युसुफ व सहकाऱ्यांनी १९९४ साली सात चाचण्यांतील २,६४९ रुग्णांचा एकत्र हिशेब मांडला. आधी बायपास केलेल्यांपैकी पाच वर्षांत १०.२ टक्के दगावले. केवळ औषधांवर ठेवलेल्यांपैकी १५.८ टक्के दगावले. डाव्या मुख्य रक्तवाहिनीत अडथळा असणाऱ्यांना आणि तिन्ही वाहिन्या अडलेल्यांना ऑपरेशनचा लाभ अधिक झाला. आजची औषधे तेव्हापेक्षा चांगली आहेत आणि प्रत्येक अडथळ्याला बायपास लागतेच असे नाही. पण तुलना नेहमी 'धोका विरुद्ध धोका' अशी करावी. 'धोका विरुद्ध काहीच नाही' अशी तुलना खोटी आहे.

तक्त्यात नसलेले आपले दोन दोष

हा तक्ता युरोपातला आहे. आपल्या भागातल्या दोन गोष्टी त्यात नाहीत. पहिली, सिकलसेल. विदर्भात हा आजार व त्याचे वाहक बरेच आहेत. ऑपरेशनच्या वेळी रक्त यंत्रातून फिरवतात व काही वेळा शरीर थंड करतात. अशा वेळी सिकलसेलच्या रुग्णाच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकून रक्तवाहिन्या तुंबवू शकतात. आधी माहीत असेल तर भूलतज्ज्ञ व सर्जन खबरदारी घेतात. म्हणून घरात कोणाला सिकलसेल असेल तर न लपवता सांगा आणि तपासणी झालेली नसेल तर करून घ्या. दुसरी गोष्ट खर्रा. 'मी विडी ओढत नाही' असे सांगणाऱ्याच्या गालात खर्रा असतो. तंबाखू कोणत्याही वाटेने पोटात गेली तरी रक्तवाहिन्या आकसतात. खर्ऱ्याने दात-हिरड्या सडतात आणि झडपेच्या ऑपरेशनमध्ये तेथील जंतू नव्या झडपेवर जाऊन बसू शकतात.

ऑपरेशनची तारीख मिळाल्यावर काय करावे?

वय कमी करता येत नाही, पण पुढील गोष्टी आपल्या हातात आहेत.

१) विडी, सिगारेट, तंबाखू, खर्रा आजच बंद. ऑपरेशनपूर्वी निदान चार आठवडे तरी मिळावेत.

२) मधुमेह असल्यास तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी करून साखर आटोक्यात आणावी. साखर वाढलेली असली की छातीच्या हाडाची जखम चिघळते.

३) हिमोग्लोबिन कमी असल्यास त्याचे कारण शोधून उपचार घ्यावा.

४) दातांच्या डॉक्टरांना दात दाखवावेत.

५) तीन गोळ्यांच्या यंत्राने श्वासाचा व्यायाम रोज करावा. नंतर न्युमोनिया टळण्यास मदत होते.

६) रक्त पातळ करणारी गोळी कोणती व कधी बंद करायची हे सर्जनलाच विचारावे. विशेषतः स्टेंट टाकलेला असेल तर आपल्या मनाने एकही गोळी बंद करू नये.

७) वाट पाहण्याच्या काळात विश्रांतीतही छातीत दुखू लागले, घाम फुटला, तर तारखेची वाट न पाहता १०८ ला फोन करावा.

सर्जनला काय विचारावे?

"धोका किती?" एवढ्यावर थांबू नका. "आमच्या रुग्णाचे कोणते दोष धोका वाढवतात? त्यांपैकी कोणते आधी सुधारता येतील? किती दिवस थांबणे सुरक्षित आहे? ऑपरेशन न केल्यास काय?" हे चार प्रश्न कागदावर लिहून न्या. मृत्यूखेरीज इतर त्रासांचीही चौकशी करा. दर शंभरात एक-दोघांना अर्धांगवायूचा झटका येऊ शकतो. तीन-चार जणांत एकाची नाडी काही दिवस अनियमित होते व ती बहुधा औषधांनी सुधारते. छातीचे हाड जुळायला दोन ते तीन महिने लागतात. तोवर वजन उचलणे आणि मोटारसायकल बंद. शेतीच्या कामांची आखणी हे धरूनच करावी.

पैशाची अडचण हे उशिराचे मोठे कारण असते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हृदयाच्या अनेक शस्त्रक्रिया बसतात. योजनेतील रुग्णालयात 'आरोग्यमित्र' असतो. रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन त्याला भेटावे. कागदपत्रांची जुळवाजुळव अँजिओग्राफीच्या दिवसापासूनच सुरू करावी.

कापूस दरवर्षी येतो, लग्नाचे मुहूर्तही दरवर्षी निघतात. मेलेला हृदयाचा स्नायू मात्र पुन्हा उगवत नाही. आपल्या रुग्णाचे गुण आज किती आहेत हे विचारून घ्या आणि ते वाढण्यापूर्वी निर्णय घ्या.