फुप्फुसाविना श्वास : गांडूळ जगते कसे?



गांडूळ शेतकऱ्याचा मित्र, हे वाक्य आता ऐकून ऐकून गुळगुळीत झाले आहे. चार्ल्स डार्विनने १८८१ साली गांडुळांवर अख्खे पुस्तक लिहिले. इंग्लंडात बऱ्याच ठिकाणी वर्षाला एकरी १० टनांहून अधिक माती त्यांच्या पोटातून जाते, हा त्याचा हिशेबही आपण मागे ऐकलेला असेल. ते आज बाजूला ठेवू. गटाच्या बैठकांत एक साधा प्रश्न हमखास निघतो, तो घेऊ. गांडुळाला नाक नाही, फुप्फुस नाही, माशासारखे कल्ले नाहीत; मग मातीत गाडून घेऊन ते श्वास घेते तरी कशाने?

कातडीने. सगळ्या अंगाने म्हणा ना. गांडूळ हातात घेतले की बुळबुळीत लागते, ते उगीच नाही. कातडीतून चिकट स्राव पाझरतो, पाठीवरच्या बारीक छिद्रांतून अंगातला द्रवही थोडा बाहेर येतो, आणि अंगावर ओलाव्याचा पातळ थर राहतो. मातीच्या पोकळीतला प्राणवायू आधी या थरात विरघळतो, मग कातडीतून आत झिरपून लगेच खालच्या केसासारख्या रक्तवाहिन्यांत जातो. कर्बवायू त्याच वाटेने बाहेर. थर सुकला की वाट बंद. उन्हात वरंब्यावर पडलेले गांडूळ मरते त्याचे हे एक मोठे कारण. भोवती हवा ढीगभर असते, पण ती आत घ्यायला ओल उरलेली नसते.

रक्त आपल्यासारखेच लाल, कारण त्यातही हिमोग्लोबिन आहे. फरक एवढाच की आपले हिमोग्लोबिन तांबड्या पेशींत भरलेले असते, गांडुळाचे सरळ रक्तद्रवात विरघळलेले. त्याचा रेणू मात्र दांडगा! माणसाच्या हिमोग्लोबिनच्या रेणूला प्राणवायू धरायच्या जागा ४. युरोपातल्या एका गांडुळाच्या रेणूत त्या सुमारे १४४ आहेत. आपल्याकडच्या ज्या गांडुळाचा अभ्यास प्रा. कर्म नारायण बहल यांनी लखनौला करून १९२६ साली ग्रंथरूपाने छापला, आणि जे पुढे कॉलेजच्या पोरांनी पिढ्यान् पिढ्या चिरले, त्या फेरेटिमाला हृदयाच्या चार जोड्या असतात. हे रक्त स्नायूपर्यंत पोचवायचे काम त्यांचे.

तिथे प्राणवायूचे होते काय? साखर जळते. आपण साखरेच्या धंद्यातली माणसे, तेव्हा हे पटकन ध्यानात येईल. पालापाचोळा, शेणखत, त्यातले सूक्ष्म जीव पचवून गांडूळ ग्लुकोज मिळवते. पेशीत ती आधी अर्धवट मोडते. मग सूक्ष्म भट्ट्यांत, त्यांना मायटोकाँड्रिया म्हणतात, प्राणवायूच्या मदतीने पुरती जळून पाणी व कर्बवायू होतो. सुटलेली शक्ती एटीपी नावाच्या रेणूत बांधली जाते. पेशीच्या व्यवहारात चालणारे सुटे नाणे म्हणजे हे एटीपी. ग्लुकोजच्या एका रेणूमागे अशी ३० ते ३२ नाणी पडतात. प्राणवायू नसला, आणि ग्लुकोज लॅक्टिक आम्लापाशीच अडकली, तर अवघी २. (तोडलेला ऊसही असाच श्वास घेतो आणि स्वतःची साखर खातो. फडात मोळ्या पडून राहिल्या की उतारा घटतो, त्याला हेही कारण आहे.)

आता पाण्याकडे येऊ, कारण आपल्या भागात खरी अडचण तिथे आहे. एक लिटर हवेत सुमारे २१० मिलीलिटर प्राणवायू असतो. आपल्या हवामानात तेवढ्या पाण्यात जेमतेम ६. शिवाय पाण्यातून तो हवेपेक्षा जवळजवळ दहा हजारपट सावकाश सरकतो. ताज्या, वाहत्या पाण्यात गांडूळ बरेच दिवस तग धरते, म्हणजे पाणी हा त्याचा शत्रू नव्हे. पण पाट रात्रभर सोडून दिला, सरी तुडुंब भरली, की मातीच्या पोकळ्यांतली हवा हुसकली जाते, आणि साचल्या पाण्यातला प्राणवायू मुळे व जिवाणू बघता बघता संपवतात. मग गांडूळ दोन नाण्यांच्या धंद्यावर येते, अंगात आम्ले साठतात. आपण ज्याला वाफसा म्हणतो, ओल आहे आणि हवाही आहे, तीच त्याची श्वास घ्यायची स्थिती. उसाच्या मुळीचीही तीच!

पावसात गांडुळे वर येतात ती गुदमरून, असे सरसकट म्हणता येत नाही. तैवानमध्ये २००८ साली दोन जाती तपासल्या, तेव्हा प्राणवायू जास्त लागणारी जात पावसानंतर रात्री वर आली, कमी लागणारी खालीच राहिली.

उन्हाळ्यात उलटा प्रकार. जमीन वाळू लागली की पुष्कळ गांडुळे खोल जातात, अंगाची गुंडाळी करून पडून राहतात. हालचाल बंद, खाणे बंद. म्हणून प्राणवायूही थोडाच लागतो, आणि अंगात साठवलेल्या चरबी व ग्लायकोजेनवर दिवस निघतात. खोडव्यात पाचट पेटवले की वरची ओल जाते आणि पुढचे खाणेही जाते.

तेव्हा ज्यांनी खोडवा राखला आहे त्यांनी पाऊस लागून वाफसा आल्यावर पाचट ठेवलेल्या सरीत एक, आणि शेजारच्या पाचट जाळलेल्या शेतात एक, असा फूटभर लांब-रुंद-खोल खड्डा घेऊन गांडुळे मोजावीत. आकडे, जमिनीचा प्रकार आणि पाण्याची पाळी लिहून गटाच्या शेतकी मदतनीसाकडे द्यावे. पुढील अंकात गटवार तक्ता छापू.