गांवाच्या नांवांतील इतिहास

आपल्या गांवाचें नांव आपण दिवसांतून कितीदां तरी उच्चारतों. परंतु तें कोणी ठेविलें, केव्हां ठेविलें व कां ठेविलें, हा प्रश्न थोड्यांच्याच मनांत येतो. वाडे पडतात, वेशी ढासळतात, नदीही पात्र बदलते. नांव मात्र पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या तोंडीं राहतें. म्हणून इतिहासाचे अभ्यासक नांवास साक्षीदार मानतात. पण साक्षीदाराची जशी उलटतपासणी करावी लागते, तशी नांवाचीही करावी लागते. ती कशी करावी हें ह्या पाठांत पाहूं.

१. नांवाचें सर्वांत जुनें रूप शोधावें.

नाशिकाविषयीं सर्वांस ठाऊक असलेली कथा अशी कीं, लक्ष्मणानें शूर्पणखेचें नाक येथें कापिलें, म्हणून हें नाशिक. दुसरे कोणी म्हणतात, नऊ शिखरांवर वसलें म्हणून नाशिक. आतां पुरावा पाहा. शहराजवळच्या पांडवलेण्यांत सातवाहन कुळांतील कृष्ण राजाच्या काळचा, सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचा शिलालेख आहे. तें लेणें नासिकच्या एका अधिकाऱ्यानें करविलें, असें त्यांत लिहिलें आहे. ह्यावरून नांव तितकें जुनें आहे इतकें निश्चित ठरतें. तें कां पडलें हें लेख सांगत नाहीं. म्हणून दोन्ही कथांस कथा म्हणावें, पुरावा म्हणूं नये.

पुण्याचेंही तसेंच. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण ह्याच्या इ. स. ७५८ च्या ताम्रपटांत 'पुण्यविषय', व ७६८ च्या ताम्रपटांत 'पूनकविषय' असा उल्लेख आहे. 'विषय' म्हणजे त्या काळचा जिल्हा. अर्थात् शिवाजी महाराजांच्या जन्मापूर्वीं जवळजवळ नऊशें वर्षें हें नांव एका मुलखास लागलेलें होतें. कऱ्हाडचें नांव तर फार दूर, मध्य प्रदेशांतील भारहूतच्या स्तूपावर 'करहकट' असें कोरलेलें सांपडलें. त्या नगरानें स्तूपास दिलेल्या दानाचा तो लेख आहे. एका नांवावरून केवढी गोष्ट कळली! दोन हजार वर्षांपूर्वीं कृष्णा-कोयनेच्या संगमावरील लोक इतक्या लांब दान पाठवीत होते.

२. नांवाचे भाग निरनिराळे करून पाहावे.

वडगांव, पिंपळगांव, बाभूळगांव ह्यांत झाड दिसतें. तें झाड आज गांवांत नसेल, पण वस्ती झाली तेव्हां होतें असें अनुमान निघतें. लातूरचें जुनें रूप 'लत्तलूर'. त्यांतील 'ऊर' हा गांव ह्या अर्थाचा कानडी शब्द आहे; त्या प्रांतांत कानडीचा वावर होता ह्याची ती खूण आहे.

खुर्द आणि बुद्रुक हे शब्द तर आपल्या नित्याच्या परिचयाचे. ते मूळ फारसी आहेत: 'खुर्द' म्हणजे लहान, 'बुजुर्ग' म्हणजे मोठा किंवा वडील; त्याचेंच मराठींत 'बुद्रुक' झालें. मुसलमानी राज्यांत वसुलाचे कागद फारसींत लिहिले जात, आणि एकाच नांवाचीं दोन गांवें ओळखण्यास हे शब्द जोडीत. पुण्याजवळ कोंढवा बुद्रुक व कोंढवा खुर्द अशी जोडी आहे. पुढें कोठें खुर्द वाढून बुद्रुकापेक्षां मोठें झालें, तरी शब्द बदलत नाहींत. नांव हें आजची स्थिति सांगत नाहीं. तें ठेविलें त्या दिवसाची स्थिति सांगतें.

३. नांव कोणी ठेविलें हें विचारावें.

देवगिरीचें दौलताबाद महंमद तुघलकानें १३२७ च्या सुमारास केलें. मलिक अंबरानें १६१० सालीं वसविलेली खडकी पुढें औरंगजेबाच्या नांवानें औरंगाबाद झाली, आणि २०२३ सालीं छत्रपति संभाजीनगर झाली. अहमदनगर २०२४ सालीं अहिल्यानगर झालें. नांव जितकें गांवाविषयीं सांगतें, तितकेंच तें ठेवणाऱ्याविषयींही सांगतें.

हा नियम गांवाच्या आंतही लागू करावा. महारवाडा, मांगवाडा हीं नांवें तेथें राहणाऱ्यांनीं आपण होऊन घेतलीं नाहींत. गांवानें ज्यांस दूर ठेविलें, त्यांची जागा गांवानेंच अशी नोंदविली, आणि पत्त्याबरोबर जात सांगणें भाग पडूं लागलें. महाराष्ट्र सरकारनें २०२० सालच्या डिसेंबरांत अशा वस्त्यांचीं जातिवाचक नांवें बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतिनगर अशीं नांवें द्यावीं असा निर्णय घेतला. तो न्याय्य आहे. मनुष्यास अपमानाच्या नांवाखालीं राहावयास लावूं नये.

परंतु जुनें नांव तोंडांतून गेलें तरी वहींतून जाऊं देऊं नये. तें पुसलें गेलें तर अन्याय झाला होता ह्याची साक्षही पुसली जाईल. उत्पत्तीच्या पुस्तकांत बेथेल हें नवें नांव सांगतांना त्या नगराचें पूर्वींचें नांव लूज होतें, हेंही लिहून ठेविलें आहे. हीच रीत आपण धरावी.

४. आपण काय करावें?

शेतें, ओढे, टेकड्या व पाणंदी ह्यांचीं नांवें बहुधा कोणत्याच नकाशांत नसतात. तीं केवळ वृद्धांस ठाऊक असतात आणि त्यांच्याबरोबर जातात. ज्यास लिहितां येतें त्यानें एक वही करावी. वडील माणसांस, विशेषतः माहेराहून व सासरीं अशीं दोन गांवें पाहिलेल्या बायांस विचारावें. नांव ते उच्चारतात तसेंच लिहावें, सुधारूं नये. कोणी सांगितलें व कोणत्या वर्षीं सांगितलें हें नोंदावें. तलाठ्याच्या दप्तरांतील रूप शेजारीं लिहावें. अर्थ ठाऊक नसेल तर जागा कोरी सोडावी. अंदाजानें भरलेली जागा पुढच्यांस फसविते, कोरी जागा फसवीत नाहीं.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. नाशिकच्या शिलालेखावरून काय सिद्ध होतें व काय सिद्ध होत नाहीं?
२. तुमच्या आसपास खुर्द-बुद्रुक अशी जोडी आहे काय? आज त्यांतील मोठें गांव कोणतें?
३. तुमच्या वस्तीचें नांव कोणी ठेविलें? तिला पूर्वीं दुसरें नांव होतें काय?
४. तुमच्या शिवारांतील दहा जागांचीं नांवें ह्याच आठवड्यांत लिहून काढा.