नदीकाठचा मुक्काम

धनगराचा वाडा तुम्ही पाहिला असेल. चार दिवस एका शिवारात बसतो, पाचव्या दिवशी घोड्यावर बिऱ्हाड लादून पुढे निघतो. ऑस्ट्रेलिया नावाचा एक मोठा देश आहे. तिथली शहरातली माणसे सुट्टीत असेच बिऱ्हाड घेऊन निघतात. त्यांचे घर घोड्यावर नसते, मोटारीच्या मागे जोडलेले असते. या चाकांच्या घराला कॅराव्हॅन म्हणतात. आत पलंग, फळ्या, लहानशी चूल, सगळे असते. कुणाकडे कॅराव्हॅन नसली तर तो तंबू ठोकतो.

ही माणसे उतरतात कुठे? खेड्यापाड्यांतून, लहान गावांतून त्यांच्यासाठी तळ केलेले असतात. त्याला हॉलिडे पार्क म्हणतात. बरेचसे तळ नदीकाठी असतात.

अशाच एका गावाची ही हकिगत आहे. गावाचे नाव गंडगाय. नाव ऐकून हसू येईल, पण आपल्या गाईशी त्याचा संबंध नाही! सिडनी आणि मेलबर्न ही दोन मोठी शहरे. त्यांच्या मधल्या वाटेवर, सिडनीपासून सुमारे 390 किलोमीटरवर हे गाव आहे. गावाजवळून मरमबिजी नावाची नदी वाहते.

तळावर गेले की पहिल्यांदा कचेरीत नाव लिहायचे आणि जितक्या रात्री राहायचे तितक्या रात्रींचे भाडे भरायचे. मग एक नंबर मिळतो. त्या नंबराची जागा आपली. जागेवर पाण्याचा नळ असतो, विजेचा खांब असतो. न्हाणीघर आणि संडास मात्र सगळ्यांचे एकच. स्वयंपाकघरही सामाईक. आपण भांडी घासायची, ओटा पुसायचा, मगच बाहेर पडायचे. तिथे झाडलोट करायला मागून कुणी येईल, असे धरून चालायचे नाही. रात्री ठरलेल्या वेळेनंतर गाणी-बजावणी बंद.

कॅराव्हॅनमध्ये संडास असला तर त्याची पेटी रिकामी करायला वेगळी जागा नेमलेली असते. नदीत ओतायची नाही. ज्या पाण्यात आपली मुले डुंबतात, त्यात घाण कोण टाकील?

आणखी एक गोष्ट. नदीकाठी निलगिरीच्या जातीची प्रचंड झाडे असतात. सावली दाट दिसते, माणसाला मोह होतो. पण या झाडाची जाड फांदी कधी कधी वारा नसतानाही काडकन मोडून खाली येते. म्हणून जाणता माणूस फांदीखाली तंबू ठोकत नाही. नदीत उतरतानाही जपावे लागते. पाण्याखाली बुडालेले ओंडके असतात. वरच्या अंगाला धरणे आहेत. शेतीसाठी पाणी सोडले की ऐन उन्हाळ्यातही नदी भरून वाहते. (तिकडचा उन्हाळा डिसेंबर-जानेवारीत, बरे का. आपल्याकडे हुरडा भाजतात तेव्हा तिकडे घाम गळतो.)

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. नदीकाठची ही जमीन सपाट आहे, हिरवी आहे, गावाला लागून आहे. मग तिथे गाव का नाही? गाव टेकडीच्या चढावर का?

तर ऐका. पूर्वी गाव खालीच होते. 1838 सालच्या सुमारास गोऱ्या लोकांनी या सपाट जमिनीवर गाव आखले. पाणी जवळ, नदीचा उतार जवळ, बैलगाड्यांची वाट तिथूनच. सगळी सोय होती. त्या मुलखात आधीपासून राहणारे मूळचे लोक होते. त्यांना विराजुरी म्हणतात. त्यांनी सांगितले, इथे राहू नका, नदी इथवर येते. पण त्यांचे ऐकतो कोण? ज्यांची जमीन घेतली, त्यांची अक्कल कोण घेणार? 1844 साली पूर आला. तरी लोक हलले नाहीत. पुन्हा पाणी आले तर माळ्यावर चढून बसू, असे त्यांना वाटे.

1852 साली जून महिन्यात नदी चढली. तिकडे जून म्हणजे कडाक्याची थंडी. रात्रीच्या काळोखात पाणी घरात शिरले. लोक माळ्यावर चढले, पण या खेपेला घरेच वाहून गेली. कुणी झाडांना मिठी मारून बसले. थंडीने हात सुटले की माणूस गेला.

गावात अडीचशेच्या आसपास माणसे होती. त्यांपैकी ऐंशीच्या आसपास मेली. म्हणजे दर तीन माणसांत एक.

बाकीची वाचली कशी? त्यांतल्या पुष्कळांना विराजुरी लोकांनी वाचवले. त्यांच्यात यारी नावाचा एक गडी होता. त्याच्याजवळ झाडाच्या सालीची लहानशी होडी होती. एका खेपेला एकच माणूस मावे. त्या लोंढ्यात, त्या काळोखात तो खेपा घालीत राहिला. जॅकी जॅकी नावाच्या दुसऱ्या गड्यानेही होडी घातली. दोघांनी मिळून 69 माणसे वाचवली असे सांगतात. ज्यांचे सांगणे कुणी कानावर घेतले नव्हते, तेच लोक जिवावर उदार होऊन धावले. पुढे त्यांना गळ्यात घालायचे धातूचे बिल्ले दिले. त्या दोघांचा पुतळा गावात उभा राहायला मात्र 2017 साल उजाडले. हिशेब करा, 165 वर्षे!

1853 साली पुन्हा मोठा पूर आला. तेव्हा कुठे गाव उठले आणि चढावर जाऊन बसले.

खालच्या जमिनीवर आता गुरे चरतात, मुले खेळतात, आणि पाहुण्यांचा तळ पडतो. ज्याला चाके आहेत त्याने तिथे राहायचे. धरणे झाली तरी पूर थांबलेले नाहीत. 2012 साली मार्चमध्ये या नदीला मोठा पूर आला. नदी चढते आहे अशी सूचना आली की पाहुण्यांनी तंबू गुंडाळायचा, कॅराव्हॅन मोटारीला जोडायची आणि चढाची वाट धरायची. सामान आवरत बसायचे नाही. पाणी ओसरले की गाळ काढतात, नळ आणि विजेचे खांब तपासतात. गवत पुन्हा उगवते. मग पहिली गाडी येते आणि कचेरीत नंबर मागते.

आपल्या राज्यात नदीकाठी पूररेषा आखतात. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांत एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती हद्द. लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची हद्द. नदीकाठी घर बांधायचे असेल तर आधी ही रेषा कुठून जाते, ते विचारून घ्यावे.

वहीत लिहा : तुमच्या गावात नदीचे किंवा ओढ्याचे पाणी सगळ्यांत वर कुठपर्यंत आले होते? म्हाताऱ्या माणसांना विचारा. साल लिहा, आणि जागाही लिहा.