मेलेली बॅटरी आणि सहा सेल

आमचे अण्णा एका गोदामावर रात्रपाळीचे पहारेकरी आहेत. त्यांच्या वॉकीटॉकीची जुनी बॅटरी मध्यरात्रीच मान टाकू लागली, तेव्हा कंत्राटदाराने बजावले, 'दुरुस्त करून आणा, नाहीतर नवीची किंमत पगारातून कापू.' घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच, म्हणून सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी पडलो कला शाखेचा! विजेशी माझा संबंध दहावीच्या विज्ञानापुरता. तरी ती उघडलीच.

बाहेरून एकसंध दिसणारी ही बॅटरी म्हणजे आत सहा सेलांची माळ असते. निकेल-कॅडमियमचा एक सेल 1.2 व्होल्टचा, एकसर जोडणीने सहांचे 7.2 व्होल्ट होतात. खोक्याचा सांधा पात्याने हळूहळू उकलला. पाते खोल गेले तर सेलाची दोन टोके जोडली जाऊन ठिणगी उडते. जोडणीचे चित्र कागदावर काढून घेतले आणि मीटर लावला. पाच सेल 1.25 च्या आसपास, सहावा शून्य.

इथे माझा लोभ आडवा आला. एकच सेल बदलला, पैसे वाचले म्हणून खूश झालो. आठवड्यात बॅटरी पुन्हा मेली. कारण साधे आहे. माळेतला जो सेल आधी रिकामा होतो, त्यातून बाकीचे सेल वीज ढकलतच राहतात. त्याचे ध्रुव उलटतात आणि तो कायमचा बिघडतो. जुन्यात नवा मिसळू नये, सहाही एकदम, एकाच जातीचे घ्यावेत.

दुसऱ्यांदा पत्ती लावलेलेच सेल आणले, निकेल-मेटल हायड्राइडचे. याचाही दाब 1.2 व्होल्टच. पत्ती असली की डाख पत्तीला देता येतो. सेलालाच तापवले तर आतले पडदे जळतात. उष्णता ओळखणारा छोटा भाग पूर्वीच्याच जागी, सेलाला चिकटून बसवला.

चार्जर जुनाच, 120 मिलिअँपिअरचा. जुन्या 1200 च्या सेलांना तो चौदा-सोळा तास घेई. नवे 1800 चे आहेत, तेव्हा पूर्ण भरायला सुमारे 21 तास लागतात. एवढा हिशेब मात्र कला शाखेलाही जमतो.

जुने सेल कचऱ्यात टाकले नाहीत, कॅडमियम विषारी असते. दुकानदाराच्या ई-कचऱ्याच्या पेटीत दिले.

पहिल्या रात्री सेट सकाळी सहापर्यंत बोलत होता. अण्णा घरी आले ते पॅक हातात धरूनच, 'हा चार्जिंगला लाव,' म्हणत.