क्यू कापायच्या आधी

पुणे

चि. सईस,


तुझं पत्र वाचलं, व्हिडिओही दोन-चारदा पाहिला. दादाचा अठ्ठावन्न इंची स्नूकरचा क्यू तुला लांब होतो, क्लबमधला एक जण तो बटाकडून, म्हणजे मागच्या जाड टोकाकडून, चार इंच कापून द्यायला तयार आहे आणि रविवारी तू तो त्याच्या हवाली करणार आहेस, असं लिहिलं आहेस. हे पत्र वाचून होईपर्यंत त्या लाकडाला करवत लागू देऊ नकोस. क्यू लांब होतो हे तुझं निदान अगदी बरोबर आहे, आणि पंधराव्या वर्षी ते तुझं तुला कळलं याचा मला आनंद आहे. पण किती लांब होतो, का लांब होतो आणि कमी करायचं तर कुठून, हे न ठरवता कापलं तर एक चांगला क्यू जाईल आणि तुझी अडचण तिथेच राहील.

आधी व्हिडिओबद्दल. तू वाकतेस, पांढऱ्या चेंडूच्या तळाशी क्यूची टिप नेतेस, नेम धरतेस, तोवर सगळं ठाकठीक आहे. मारल्यावर मात्र पांढरा लालला लागून स्क्रूसारखा मागे येत नाही, जागीच थबकतो, कधी चार बोटं पुढे जातो. 'मनगटात जोर नाही म्हणून स्क्रू लागत नाही,' असं तू लिहितेस. जोराचा इथे काही संबंध नाही. टिप पांढऱ्याला भिडते त्या क्षणी व्हिडिओ थांबव आणि स्वतःच्या उजव्या हाताकडे बघ. मूठ कोपराच्या सरळ खाली नाहीये, मागे राहिली आहे. दादा बटाच्या टोकाला धरतो, म्हणून तूही तिथेच धरतेस. पण दादा सहा फूट उंच आहे आणि त्याचे हात त्याच मानाने लांब आहेत.

कोपर स्थिर ठेवला की मूठ कमानीत फिरते. मागून येताना ती खाली उतरत असते, कोपराच्या बरोबर खाली आली की सगळ्यात खालच्या जागी पोचते आणि तिथून पुढे वर चढू लागते. त्या खालच्या जागेपाशीच क्यू सरळ पुढे जातो, म्हणून टिप आणि चेंडूची गाठ तिथे पडायला हवी. तुझी मूठ अजून उतरत असतानाच गाठ पडते. क्यू ब्रिजवर, म्हणजे टेबलावर रोवलेल्या डाव्या पंजावर, टेकलेला असतो, त्यामुळे मागचं टोक खाली गेलं की पुढचं वर उचललं जातं. चेंडू साडेबावन्न मिलिमीटरचा. त्यावर टिप दोन-तीन मिलिमीटर वर सरकली तरी स्क्रूचा, चेंडू जागीच थांबवणारा, स्टन होतो. तुझा दर वेळी तसाच होतोय.

लांब क्यू हातात असला की शरीर आणखी दोन पळवाटा शोधतं. एक म्हणजे ब्रिज पांढऱ्यापासून फार मागे नेणं. ब्रिज आणि चेंडू यांत नऊ-दहा इंच अंतर पुरे असतं. ते चौदा-पंधरावर गेलं की मागे हात केसभर हलला तरी पुढे टिप भलतीकडे जाते. दुसरी म्हणजे मूठ पुढे घेऊन क्यूचं शेपूट मागे मोकळं सोडणं. यात हात लंबात येतो, पण मूठ क्यूच्या तोलाच्या जागेजवळ सरकते, पुढचा भाग हलका होतो आणि ब्रिजवर वजनच जाणवत नाही. मग क्यू बोटांतून उडतो. तुझ्या व्हिडिओत मला पहिली पळवाटही थोडी दिसली.

आखूड क्यूचे हाल वेगळे. उंच माणसाच्या मुठीला बट पुरत नाही. तो पुढचा हात आखडतो, खांदे चेंडूवर गोळा होतात, मूठ लंबाच्या पुढे जाते आणि टिप खाली बसते. हे लिहितोय ते अशासाठी की लांबीच्या भीतीने तू बावन्न इंचांच्याही खाली उडी मारू नयेस.

आता मापाचं. क्यू उभा धरून खांद्यापर्यंत आला की झालं, असं तुला क्लबात सगळे सांगतील. मला हे माप कधीच पटलेलं नाही. क्यूला तुझ्या पायांच्या उंचीशी काय देणंघेणं? एकाच उंचीच्या दोन मुलींत एकीचे पाय लांब असतात, दुसरीचे हात. खेळताना तुम्ही दोघी वाकलेल्याच असता. टेबल कुणासाठी वरखाली होत नाही, ते ८५१ ते ८७६ मिलिमीटरच्या दरम्यान ठरलेलं असतं, तुलाही आणि दादालाही. नियमात क्यूची फक्त किमान लांबी ठरलेली आहे, तीन फूट म्हणजे ९१४ मिलिमीटर, आणि त्याहून लांब किती असावा यावर बंधन नाही. दुकानात सत्तावन्न-अठ्ठावन्नचे क्यू भरलेले असतात, कारण मध्यम बांध्याच्या प्रौढ पुरुषाला ते बहुधा चालून जातात. ते तुझं माप असायचं कारण नाही.

तुझं माप तीन तुकड्यांचं आहे. ब्रिजच्या खाचेपासून टिपेपर्यंतचं अंतर, ब्रिजपासून मुठीच्या मागच्या कडेपर्यंतचं अंतर, आणि मुठीमागे शिल्लक राहणारं दोन-तीन इंच बट. दिवाळीत तू इथे आलीस तेव्हा मी वहीत लिहून ठेवलंय: दहा, एकोणचाळीस आणि तीन, एकूण बावन्न. पण तेव्हा तुझा डावा हात कोपरात बराच वाकलेला असायचा. आता तुझ्या सरांनी तो जवळजवळ सरळ करायला लावलाय, व्हिडिओत स्पष्ट दिसतंय, आणि तुला ते शोभतंयही. पण हात सरळ झाला की ब्रिज पुढे गेला आणि मधला आकडा वाढला. कितीने, ते मोजल्याशिवाय मी सांगणार नाही. एक-दोन इंचांचा फरक सहज पडतो. म्हणूनच उभं राहणं पक्कं झाल्याशिवाय क्यूची लांबी पक्की करता येत नाही. सरांना आधी विचार, की डावा हात आता असाच राहणार का. ते हो म्हणाले तरच पुढचं कर.

मोजायला दादाचाच क्यू घे. बटावर कागदी चिकटपट्टी गुंडाळ. पांढरा कुशनपासून दोन-अडीच फुटांवर ठेव, म्हणजे ब्रिजचा पंजा कापडावर पूर्ण पसरेल आणि ताणावंही लागणार नाही. सरळ शॉटसाठी वाक, टिप पांढऱ्याला जेमतेम भिडेल इतकी पुढे आण आणि तिथेच थांब. ब्रिज चेंडूपासून दहा इंचांवर आहे ना, हे मैत्रिणीला पट्टी लावून बघू दे. मग तिने दोऱ्याला किल्ली बांधून ओळंबा करायचा आणि तो तुझ्या कोपराशी धरायचा. मूठ पुढेमागे सरकवत सरकवत दोऱ्याच्या रेषेत आण. करंगळीच्या मागे तिने पेन्सिलीने खूण करायची. दोऱ्याकडे तू स्वतः वळून बघू नकोस, मान वळली की खांदा हलतो आणि माप बिघडतं. टिपेपासून खुणेपर्यंत मोज, त्यात अडीच इंच मिळव. हे एकाच दिवशी उरकू नकोस. थकलेली असताना एकदा घे, ताजीतवानी असताना एकदा घे आणि खुणा किती जवळ पडतात ते बघ. लांब पडल्या तर मापात पाप आहे असं समज. बहुतेक वेळा पाऊल वेगळं पडलेलं असतं.

व्हिडिओही पुन्हा काढ, पण फोन कोपराच्या उंचीवर, क्यूच्या रेषेला काटकोनात आणि तीन-चार पावलं लांब ठेवून. जवळून किंवा तिरका काढला की लंबातला हातही तिरपा दिसतो.

माझा अंदाज, तुझा आकडा चोपन्नच्या आसपास येईल. तू अजून वाढतेयस, तेव्हा मी पंचावन्नचा क्यू घेईन. एक इंच जास्तीचा मुठीमागे राहिला तर बिघडत नाही. चार इंच राहिले तर बिघडतं.

मग दादाचाच क्यू पंचावन्नचा का करू नये? त्याच्या बटाकडे नीट बघ. शेवटच्या भागात सपाट केलेल्या जागी कारागिराची पट्टी बसवली आहे. तळाशी एक्स्टेन्शन लावायचं पितळी फिटिंग आहे, आणि आत कुठेतरी तोल साधण्यासाठी शिसं भरलेलं असण्याचीही शक्यता आहे. करवत या सगळ्यावरून जाईल. शिवाय बटाचं लाकूड सगळ्यात जाड आणि जड असतं, ते गेलं की वजन मागून घटतं आणि तुझ्या मुठीच्या मानाने तोल पुढे जातो. क्यू नाकाने जड होईल. टिपेकडून कापलं तर वजन फारसं जात नाही, पण क्यू मागे जाड होत जातो, म्हणून नवीन टोक साडेनऊ मिलिमीटरचं राहणार नाही, चांगलंच जाड होईल. ते तासून पुन्हा बारीक करावं लागेल आणि दादाच्या क्यूमधली ती लवचीक ठोक, जी तुला इतकी आवडते, ती जाईल. अर्धा-पाऊण इंच कमी करायचा असता तर जाणत्या कारागिराकडून टिपेच्या बाजूने करून घ्यायला मी हरकत घेतली नसती. तीन-चार इंचांना माझा साफ नकार आहे. सोन्याची सुरी म्हणून कुणी उरात खुपसून घेत नाही. तो क्यू उत्तम आहे, दादासाठी.

नवीन घ्यायचा तर फार भारी बघू नकोस. स्टीफन हेन्ड्रीने १९९० ते १९९९ मधली सातही जागतिक विजेतेपदं पोरवयात घेतलेल्या एका साध्या, स्वस्त क्यूवर जिंकली. २००३ मध्ये विमानप्रवासात तो मोडला, तेव्हा त्याला काय वाटलं असेल ते सांगायला नको. त्या क्यूची किंमत कुठल्या लाकडात नव्हती, तो त्याच्या हाताला वर्षानुवर्षं ओळखीचा होता. तुलाही तेच हवंय, आणि ते यायचं तर क्यू पहिल्या दिवसापासून मापाचा पाहिजे. ॲश घे. मेपल वाईट नाही, पण ॲशचे टोकदार रेषांचे पट्टे वर ठेवून धरलं की क्यू दर वेळी एकाच बाजूने हातात आला की नाही, हे चटकन कळतं. सतरा-साडेसतरा औंस तुला पुरे. विकत घेण्याआधी बोटावर आडवा तोलून बघ: बटाच्या टोकापासून पंधरा-सोळा इंचांवर तोलला गेला तर छान. मग वाकून, मूठ तुझ्या जागी धरून, पुढचा भार ब्रिजच्या पंजावर हलकेच जाणवतो का ते बघ. जाणवला पाहिजे, पण दाबला जाता कामा नये.

'मग लांबचे चेंडू कसे घ्यायचे?' हे तू विचारणार हे मला ठाऊक आहे. टेबल बारा फुटांचं, आणि मारताना एक पाय जमिनीला टेकलेला हवाच, त्यात सूट नाही. पण पोहोच वाढवण्यासाठी क्यू लांब घेणं म्हणजे दहातल्या एका शॉटसाठी बाकीचे नऊ बिघडवणं. त्यासाठी बटाला लावायचं सहा इंचांचं मिनी-बट घे, चेंडू आणखी लांब गेल्यास दुर्बिणीसारखं सरकणारं एक्स्टेन्शन. टेबलाखाली हाफ-बट हा लांबलचक क्यू टांगलेला असतोच. क्यू घेताना तळाला ही सोय आहे ना, एवढं बघून घे. आणि रेस्टचा, म्हणजे पंजाऐवजी क्यूला आधार देणाऱ्या काठीचा, कंटाळा सोड. तुझ्या उंचीच्या खेळाडूला रेस्ट दादापेक्षा कितीतरी जास्त लागणार, तेव्हा सरावातला रोजचा थोडा वेळ त्याला दे. रेस्टवरून मारताना मूठ बटाच्या टोकाला येते, हात आडवा चालतो, तिथे लंबाचा हिशोब लागत नाही. म्हणून त्या शॉटवरून क्यूची लांबी ठरवू नकोस.

तोपर्यंत, म्हणजे या महिन्यात, क्लबच्या रॅकमधले क्यू पट्टीने मोजून बघ. त्यात चोपन्न-पंचावन्नचा एखादा निघेल, बहुधा मुलांसाठी ठेवलेला. टिप झिजली असेल तर बदलून घे आणि त्याच्यावरच सराव कर. सुरुवातीला हात रिकामा वाटेल, सारखं मागे धरावंसं वाटेल. पट्टी चिकटवून मुठीची जागा आखून ठेव आणि स्क्रूचा एकच सरळ शॉट पुन्हापुन्हा मार. जोर वाढवू नकोस. पांढरा मागे यायला लागला की मला कळव, नाही आला तर व्हिडिओ पाठव, आपण पुन्हा बघू.

दादाचा क्यू केसमध्ये आडवा ठेव, भिंतीला टेकवून उभा ठेवू नकोस आणि गाडीच्या डिकीत तर अजिबात नको, लाकूड वाकतं. क्लबातल्या त्या मुलाला गोडीत नाही म्हण, त्याने चांगल्या मनानेच विचारलं असणार. आईला सांग, क्यूच्या पैशांचं मी बघतो. मला फक्त तिन्ही आकडे आणि सरांचं मत लिहून पाठव, आगाऊ रक्कम त्याआधी कुठेही भरू नका.

तुझा,
मामा