कुत्र्यास व पिलांस कच्चें मांस आणि हाडें घालण्याविषयीं

शेतकऱ्याच्या घरीं बैलाच्या वैरणीचा, गाईम्हशींच्या पेंडीचा जितका विचार होतो, त्याच्या शतांशानेंहि कुत्र्याच्या अन्नाचा होत नाहीं. उरलीसुरली भाकरी ताकांत कुस्करून पुढें ठेवावी, आणि राहिलेली भूक त्यानें आपल्या पायांनीं हिंडून भागवावी, अशी आपल्याकडील सर्वसाधारण रीत आहे. हा प्राणी रात्रभर खळें राखतो, मळ्यांत रानडुकराची चाहूल देतो, मेंढवाड्याभोंवतीं लांडग्यास फिरकूं देत नाहीं. तरी त्यास काय व किती घालावें हें विचारावयास कोणी कोणाकडे जात नाहीं. अलीकडे मात्र शहरांतून शिकून परत आलेले तरुण 'कुत्र्यास कच्चेंच मांस घातलें पाहिजे' असें सांगूं लागले आहेत, व कांहीं बंधूंनीं खाटकाकडून रोजचा पुडा बांधून घेण्यास आरंभहि केला आहे. सबब या विषयाचा दोन्ही बाजूंनीं विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या मताचा प्रसार मुख्यतः ऑस्ट्रेलियांतील इयान बिलिंगहर्स्ट या पशुवैद्यांनीं १९९३ सालीं प्रसिद्ध केलेल्या पुस्तकापासून झाला. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, कुत्रा हा लांडग्याचा वंशज. त्याचे सुळे फाडण्याकरितां व दाढा कातरण्याकरितां आहेत. यास्तव कच्चें मांस व मांस लागलेलीं हाडें हेंच त्याचें स्वाभाविक अन्न होय. यांत तथ्य नाहीं असें नव्हे. हाड चघळल्यानें दातांवरील कीट निघतें, आणि मांसांतील सत्त्व कुत्र्याच्या अंगीं चांगलें लागतें. परंतु कुत्रा लांडगा राहिलेला नाहीं, हेंहि तितकेंच खरें. २०१३ सालीं स्वीडनमधील संशोधकांनीं लांडग्याच्या व कुत्र्याच्या आनुवंशिक द्रव्याची तुलना केली, तेव्हां पिठूळ पदार्थ पचविणाऱ्या रसाचें जें जनुक लांडग्यांत बहुधा दोनच प्रतींत असतें, तें कुत्र्यांत चारपासून तीसपर्यंत प्रतींत आढळलें. म्हणजे माणसाच्या खळ्याशेजारीं हजारों वर्षें राहून कुत्रा भाकरी पचविण्यास शिकला. तेव्हां भाकरी घालणारा आपला शेतकरी अगदींच चुकत होता असें म्हणतां येत नाहीं. चूक आहे ती नुसत्या भाकरीवर ठेवण्यांत. भाकरीबरोबर डाळ, अंडें, मासळी किंवा मांस यांपैकीं कांहींतरी रोज पोटांत गेलेंच पाहिजे, आणि वाढत्या पिलाच्या तर अवश्यच.

आतां जे केवळ मांसच घालतात त्यांच्याकडून होणारी एक मोठी चूक सांगतों, कारण ती आम्हीं स्वतः केलेली आहे. आमच्या घरीं मोठ्या हाडापेराचें एक पिलू आणिलें होतें. त्यास उत्तम पोसावें या हौसेनें आम्ही खाटकाकडून निवडक, हाड नसलेलें मांस आणवून घालीत असूं. पिलाचें वजन वाढे, अंगावर तेज दिसे, आणि येणारेजाणारे वाखाणीत. चौथ्या महिन्यांत तें पुढच्या पायानें लंगडूं लागलें, पुढें दोन्ही पाय धनुष्याप्रमाणें वाकले, आणि एके दिवशीं ओट्यावरून उडी मारितांच पाय मोडला. पशुवैद्यांनीं पहिला प्रश्न विचारला तो हाच, कीं याला हाड किंवा चुना मिळतो काय? दोष कोणाचा म्हणावा, तर तो आमचाच.

यांतील हिशेब असा आहे. १ किलो नुसत्या मांसांत स्फुरद सुमारें २ ग्रॅम असतें, पण चुना, म्हणजे कॅल्शियम, सुमारें ०.१ ग्रॅमच. पिलाच्या वाढीस तर कॅल्शियम स्फुरदाच्या बरोबरीनें, किंबहुना किंचित् अधिक लागतें. अन्नांतून तें न मिळाल्यास शरीर तें आपल्याच हाडांतून ओढून घेतें, आणि हाडें पोकळ होतात. वरून पिलू धष्टपुष्ट दिसत असतें, म्हणून मालकास संशयहि येत नाहीं. यावर उपाय स्वस्त आहे. कोंबडीच्या अंड्यांचीं टरफलें धुवून, तव्यावर कोरडीं भाजून, पिठासारखीं बारीक कुटावीं. १ किलो हाडविरहित मांसास सपाट चमचाभर, म्हणजे सुमारें ६ ग्रॅम पूड पुरते. मात्र अधिक तें चांगलें असें समजून मुठीनें घालूं नये. मोठ्या जातीच्या पिलांस चुन्याचा अतिरेकहि हाडें बिघडवितो.

हाडें घालावयाचीं असल्यास पहिला नियम असा कीं, शिजलेलें हाड कधींहि घालूं नये. शिजल्यानें हाडाची लवचीकता जाते, तें ठिसूळ होऊन त्याच्या सुयांसारख्या चिरफळ्या निघतात, आणि त्या घशांत रुततात किंवा आतडें फाडतात. लग्नाकार्यांत पत्रावळींवरचीं मटणाचीं हाडें कुत्र्यांपुढें लोटण्याची जी चाल आहे, ती दयेची नसून घाताची आहे. कच्चें हाड त्या मानानें मऊ असतें. कोंबडीची मान, पाय, पंख किंवा बकऱ्याच्या बरगडीचीं कोवळीं टोकें चालतात. म्हशीच्या मांडीचें नळीचें हाड नको. तें चावतांना वरची मोठी दाढ उभी चिरते. हाड गिळून टाकणाऱ्या हावरट कुत्र्यास तर कोणतेंच हाड देऊं नये. विष्ठा पांढरी, खडूसारखी व कोरडी दिसूं लागली, कीं हाडें फार होत आहेत असें समजावें. काळीज, म्हणजे यकृत, पौष्टिक खरें, परंतु एकंदर खाण्याच्या विसाव्या हिश्शाहून अधिक नसावें, कारण त्यांतील अ जीवनसत्त्व सांचून अपाय करितें.

प्रमाणाविषयीं म्हणावें तर, मांसाहारावर ठेवलेल्या पूर्ण वाढलेल्या कुत्र्यास त्याच्या वजनाच्या शेंकडा २ ते ३ इतकें अन्न रोज पुरतें. २० किलोच्या कुत्र्यास ४०० ते ६०० ग्रॅम. पिलास आरंभीं वजनाच्या मानानें याच्या तिपटीहूनहि अधिक लागतें व पुढें तें उतरत जातें. तीन ते चार आठवड्यांचें झाल्यावर पिलास आईच्या दुधाबरोबर मऊ, शिजवलेलें, कुसकरलेलें अन्न चाटावयास द्यावें, आणि सहा ते आठ आठवड्यांत दूध तुटूं द्यावें. तीन महिन्यांपर्यंत दिवसांतून चार वेळां, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळां, पुढें दोन वेळां. दर आठवड्यास तागडींत घालून वजन लिहून ठेवावें. आमची सारी हयात नोंदी करण्यांत गेली म्हणून हें सांगतों असें नाहीं, पण डोळ्यांस पिलू रोज सारखेंच दिसतें आणि कागद फसत नाहीं.

येथवर सांगितलें तें कुत्र्याच्या हिताचें. शेतकऱ्याच्या दृष्टीनें खरी धास्ती पुढेंच आहे, कारण कुत्र्यानें कच्चें काय खाल्लें यावर घरांतील मुलाबाळांची व गोठ्यांतील गुरांची प्रकृति अवलंबून असते.

मेंढी, बकरी, गाय व म्हैस यांच्या यकृतांत व फुप्फुसांत पुष्कळदां पाण्यानें भरलेल्या पांढुरक्या गांठी सांपडतात. कापणारा ती गांठ आली कीं तो तुकडा कापून बाजूस टाकतो, आणि तेथें टपून बसलेला कुत्रा तो गट्ट करितो. त्या गांठींत एका लहानशा फीतकृमीचीं बीजें असतात. कुत्र्याच्या आतड्यांत तीं वाढून अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास लांबीचे हजारों कृमी होतात. कुत्र्यास मात्र त्यांपासून बहुधा कांहींच त्रास होत नाहीं, तो पूर्वीसारखाच खेळतो. त्याच्या विष्ठेंतून अंडीं बाहेर पडतात, केसांस चिकटतात, कोथिंबीर-मेथीच्या वाफ्यांत, पाण्याच्या डोणींत जातात आणि महिनेच्या महिने जिवंत राहतात. कुत्र्यास कुरवाळून तसाच हात तोंडांत घालणाऱ्या मुलाच्या पोटांत तीं गेलीं, म्हणजे त्याच्या यकृतांत किंवा फुप्फुसांत तीच गांठ धरते. ती इतकी सावकाश वाढते कीं लहानपणीं लागलेला रोग तिशींत-चाळिशींत उघडकीस येतो. तोंवर ती नारळाएवढीहि झालेली असते. अल्बेन्डाझोल हें औषध व शस्त्रक्रिया हे उपाय आहेत, परंतु गांठ आंत फुटल्यास प्राणावर बेततें. या रोगास हायडॅटिड असें म्हणतात.

ही साखळी तोडणें शेतकऱ्याच्या हातीं आहे, याचा दाखला आइसलंड बेटानें घालून दिला आहे. तेथें मेंढपाळीचा धंदा मोठा, घरोघरीं कुत्रीं, आणि हा रोग अतोनात. १८६३ सालीं हाराल्ड क्राब्बे हे डॅनिश शास्त्रज्ञ तेथें गेले व त्यांनीं कुत्रीं तपासून रोगाचें मूळ दाखविलें. १८६४ सालीं एक छोटी पुस्तिका छापून घरोघर वांटण्यांत आली. मेंढीच्या गांठी कुत्र्यास घालूं नका, जाळा किंवा पुरा, एवढाच तिचा मथितार्थ. तेथील शेतकरी वाचणारे होते. त्यांनीं ती वाचली व पाळली, आणि आज त्या बेटावर हा रोग उरलेला नाहीं. न्यूझीलंडनें १९५९ सालीं कायदा करून हेंच काम हातीं घेतलें व २००२ सालीं देश रोगमुक्त झाल्याचें तात्पुरतें जाहीर केलें.

यास्तव आमचें निःसंदिग्ध मत असें कीं, यकृत, फुप्फुस वगैरे आंतील अवयव कुत्र्यास कच्चे मुळींच घालूं नयेत. घालावयाचे तर तुकडे करून पाण्यांत किमान ३० मिनिटें चांगले उकळूं द्यावेत. गांठ दिसलेला तुकडा तर उकळूनहि नको, तो पुरावा. मेंढीचें कच्चें डोकेंहि कुत्र्यापुढें टाकूं नये. जी मेंढी मान वांकडी करून एकाच बाजूस गरगर फिरते, तिच्या मेंदूंत दुसऱ्या एका फीतकृमीची गांठ असते, आणि तो मेंदू खाणारा कुत्रा साऱ्या कळपाच्या चराईंत तिचीं अंडीं पेरीत हिंडतो.

आतां गोठ्याकडे वळूं. गाय व्याली कीं वार पडते, ती कुत्रें ओढून नेतें, आणि आपण 'गेली ती घाण' म्हणून हात झटकतों. १९९८ सालीं असें सिद्ध झालें कीं, निओस्पोरा नांवाच्या सूक्ष्म जंतूचें बीज कुत्र्याच्या विष्ठेंतून बाहेर पडतें. रोगी गाईची वार किंवा गाभडलेलें वासरूं कुत्र्यानें कच्चें खाल्लें, मग तें वैरणीच्या गंजीवर किंवा गव्हाणींत घाण करून गेलें, कीं ती वैरण खाणाऱ्या दुसऱ्या गाई बहुधा पांचव्या ते सातव्या महिन्यांत गाभडतात. यास औषध नाहीं, आणि बाधा झालेली गाय पुढें आपल्या वासरासहि पोटांतूनच ती देते. गाभडण्याचा दुसरा रोग ब्रुसेलोसिस. त्याचे जंतूहि वारेंत भरलेले असतात, व ती ओढीत नेणारें कुत्रें ते सगळ्या वाड्यांत पसरवितें. हा रोग माणसासहि लागून महिनोमहिने ताप आणतो. कांहीं भागांत वार पेंढ्यांत बांधून वडास टांगण्याची चाल आहे. कुत्र्याच्या तोंडांतून ती वांचते एवढ्यापुरती ही चाल बरी, परंतु खोल खड्डा करून चुना टाकून पुरणें हें सर्वांत उत्तम. ती उचलतांना हातांत मोजे किंवा निदान प्लॅस्टिकची पिशवी असावी.

मेलेल्या जनावराच्या मांसाविषयींहि दोन शब्द लिहिले पाहिजेत. पूर्वीं गांवाबाहेर ढोर टाकलें कीं गिधाडें तासाभरांत सांगाडा मोकळा करीत. डायक्लोफेनॅक या गुरांच्या औषधानें तीं १९९० नंतरच्या काळांत झपाट्यानें नष्ट झालीं. गुरांकरितां त्या औषधास २००६ सालीं बंदी झाली, पण गिधाडें पूर्वीसारखीं परतलीं नाहींत. त्यांच्या पंक्तीस आतां कुत्रीं बसलीं आहेत, आणि त्यांत आपलेंहि असतें. घरीं मोजून मापून अन्न घालावें आणि रात्रीं मोकळें सोडावें, तर केलेलें सारें व्यर्थ. कोंबड्यांच्या मरींतील मेलेली कोंबडी फुकटचें मांस म्हणून कुत्र्यास घालणारेहि आहेत. थायलंडांत २००४ सालीं बर्डफ्लूनें मेलेलें बदक खाऊन एक कुत्रा त्याच रोगानें मेला; आणि हा रोग आपल्या नवापुरांत २००६ सालीं येऊन गेलेला आहे.

कच्च्या मांसावर साल्मोनेला वगैरे जंतू असतात. सशक्त कुत्रा ते बहुधा पचवितो, पण त्याची थाळी धुणाऱ्या बाईस व रांगणाऱ्या मुलास ते बाधतात. अमेरिकेंतील पशुवैद्यांच्या संघानें २०१२ सालीं कच्चें मांस न घालण्याचा सल्ला दिला तो मुख्यतः याचसाठीं. मांस शीतपेटींत उणे १८ अंशांवर दहा दिवस गोठवून ठेवल्यास कृमींच्या गांठी मरतात, पण हे जंतू मरत नाहींत. शिवाय आपल्या गांवांत वीज केव्हां जाते व केव्हां येते हें वाचकांस सांगणे नको. अर्धवट वितळून पुन्हां गोठलेलें मांस हें न गोठविलेल्याहून वाईट.

म्हणून ज्या घरांत लहान मूल, गरोदर स्त्री किंवा अशक्त वृद्ध आहे, त्या घरीं कच्चें मांस नको. मांस उकडावें, हाडें काढून पुरावीं, टरफलांची पूड मिसळावी, आणि तें भाकरीशीं किंवा भाताशीं कालवावें. आम्ही स्वतः त्या पिलाच्या प्रकरणापासून हीच रीत धरली आहे. मात्र आपल्या ताटांतील रस्सा त्यावर ओतूं नये. कांदा व लसूण यांनीं कुत्र्याचें रक्त नासतें, आणि नाशिक-सांगलीकडील बंधूंनीं लक्षांत ठेवावें कीं द्राक्षें व बेदाणे यांनीं त्याचीं मूत्रपिंडें निकामी होऊं शकतात. कच्च्या मांसानें कुत्रा पिसाळतो ही समजूत मात्र निराधार आहे. तो रोग पिसाळलेल्या प्राण्याच्या लाळेंतून, बहुधा चाव्यावाटे लागतो, व त्यास लस हाच उपाय.

पिलांस जंताचें औषध दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरवड्यास, तीन महिन्यांचीं होईपर्यंत द्यावें. मेंढ्या-बकऱ्यांच्या संगतींतील मोठ्या कुत्र्यास फीतकृमीकरितां प्राझिक्वांटेल दर सहा आठवड्यांनीं, पशुवैद्यांकडून वजनाप्रमाणें मात्रा घेऊन द्यावें. सहा आठवडे यासाठीं, कीं पोटांत गेलेल्या बीजाचा कृमी होऊन अंडीं पडूं लागण्यास साधारण तितकाच काळ लागतो. औषध दिल्यावर दोन दिवस कुत्रा बांधून ठेवावा व त्या दोन दिवसांची विष्ठा शेणखताच्या खड्ड्यांत न टाकतां जाळून किंवा खोल पुरून टाकावी.