आधी ग्रुप, मग साइट!

जिमखान्यामागच्या शेडमध्ये आपली एअर रायफलची रेंज आहे, हे कॉलेजातल्या निम्म्या जनतेला माहीतच नसतं. ज्यांना माहीत असतं ते एकदा येतात, दहा पेलेट मारतात, टार्गेटची झालेली चाळणी बघतात आणि "रायफलच वाकडी आहे यार!" म्हणत कँटीनकडे वळतात. रायफल खरंच वाकडी असते का? कधीकधी असतेही. पण वाकडं कोण, रायफल की आपण, हे ओळखायची एक पद्धत आहे आणि ती आपल्या लॅबमधल्या कुठल्याही प्रयोगापेक्षा वेगळी नाही. गेली दोन वर्षं टीमच्या रायफली झीरो करायचं काम माझ्याकडे आहे. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतो.

थोडे आकडे

१० मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अवघा ०.५ मिमी व्यासाचा असतो. त्यापुढची प्रत्येक रिंग २.५ मिमी बाहेर. म्हणजे पेलेट २.५ मिमी सरकली की एक गुण गेला! आता साइटचं बघा. पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर समजा ७० सेंमी आहे. मागची साइट ०.१ मिमी हलली, म्हणजे जर्नलच्या एका कागदाच्या जाडीइतकी, तर समरूप त्रिकोणाच्या नियमाने टार्गेटवर फरक पडतो (१०००/७०) × ०.१ = १.४ मिमी. अर्ध्या रिंगपेक्षा जास्त. एक सैल स्क्रू काय करू शकतो ते यावरून कळावं.

दोन वेगळे आजार

पाच पेलेट एकाच बिंदूवर नेम धरून मारा आणि साइटला हात लावू नका. जो पुंजका दिसतो तो तुमचा ग्रुप. ग्रुप छोटा आहे पण मध्यापासून दूर आहे, तर ती सिस्टिमॅटिक एरर. साइटचे चार-सहा क्लिक फिरवले की काम झालं. ग्रुपच मोठा, विस्कटलेला आहे, तर ती रँडम एरर. तिच्यावर साइट फिरवणं म्हणजे ताप आलाय म्हणून थर्मामीटर बदलणं.

नवखे नेमबाज नेमकं हेच करतात. पहिली डावीकडे गेली, साइट उजवीकडे. दुसरी उजवीकडे गेली, साइट परत डावीकडे. प्रॉडक्शनवाल्यांना डेमिंगचा फनेल एक्सपेरिमेंट आठवत असेल. प्रत्येक वेळी मागच्या चुकीइतकी उलटी दुरुस्ती करत गेलं, की व्हेरियन्स कमी व्हायच्या ऐवजी दुप्पट होतो. ज्याचं स्टँडर्ड डेव्हिएशन ३ मिमी होतं त्याचं ४.२ होतं. मेहनत करून नेम बिघडवायचा! म्हणून आमच्याकडे नियम आहे: पाच पेलेटचा ग्रुप पूर्ण झाल्याशिवाय साइटला बोट लावायचं नाही. आणि लावायचं तेव्हा मागची साइट ज्या बाजूला ग्रुप न्यायचाय त्या बाजूला. पुढची साइट असेल तर बरोब्बर उलटी. एनसीसीच्या कॅडेट्सनी हे पाठ केलेलं असतंच, पण का ते एकदा त्रिकोण काढून बघा.

ग्रुपचा आकार काय सांगतो?

*उभी रेघ:* पेलेट वरखाली पसरताहेत. नेमबाजाचा श्वास दर वेळी वेगळ्या टप्प्यावर थांबतोय का ते बघा. आणि हवेचा सिलिंडर किती उरलाय तेही. पेलेटचा वेग सेकंदाला १७० मीटर धरला तर १० मीटर जायला ०.०५९ सेकंद लागतात आणि तेवढ्यात ती १७ मिमी खाली येते. प्रेशर रेग्युलेटरच्या सेटिंगखाली गेलं आणि वेग १६० झाला, तर ती १९ मिमी खाली येते. सुमारे २ मिमीचा फरक, म्हणजे जवळजवळ एक रिंग. फक्त हवेने खाल्ली!

*आडवी पसरण:* बऱ्याचदा कारण ट्रिगर. बोट सरळ मागे न येता बाजूला ढकलतं. दुसरं कारण रायफल कलती धरणं. वरच्याच १७ मिमीच्या हिशेबाने रायफल १० अंश कलली तर पेलेट ३ मिमी बाजूला जाते. रोज तेवढीच कलत असेल तर काही बिघडत नाही, साइट ते सांभाळून घेते. कधी कलली, कधी नाही, की मग गोंधळ.

*चार एकत्र, एक लांब:* त्या एकीचं नेमबाजाला विचारा. "ती सुटतानाच कळलं होतं" म्हणाला तर दोष त्याचा. "ती तर मस्त गेली होती" म्हणाला तर पेलेट तपासा. शिशाची असते, डबीत दबून तिची कड वाकते.

*दोन स्वच्छ पुंजके:* हा सगळ्यात बोलका आकार. माणूस थकला की पेलेट सगळीकडे विखुरतात, दोनच जागा निवडून तिथे जात नाहीत. दोन पुंजके म्हणजे कुठला तरी भाग दोन जागांमध्ये हलतोय.

अदलाबदलीची परीक्षा

मागच्या वर्षी इंटरकॉलेजिएटच्या निवडीत फर्स्ट इयरची एक मुलगी होती. सरावात बरी, निवडीत गुण धडाधड पडले. यादी दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डवर लागायची होती आणि तिचं नाव जवळपास कटलंच होतं. ती म्हणाली, "दादा, मला बहुतेक जमतच नाहीये." मी तिची टार्गेट्स मागून घेतली. प्रत्येकावर दोन घट्ट पुंजके, मध्ये ८ मिमीची मोकळी जागा. मग तीच रायफल दुसऱ्या मुलाला दिली: पुन्हा दोन पुंजके. तिला दुसरी रायफल दिली: एकच पुंजका. निकाल लागला! मागच्या साइटला रेलवर धरून ठेवणारा स्क्रू सैल होता. साइट कधी या जागी बसायची, कधी त्या. स्क्रू आवळला, तिने निवडीचे पेलेट पुन्हा मारले आणि नाव यादीत आलं.

ही अदलाबदल फुकट आहे, दहा मिनिटांची आहे आणि कुणाचाही अपमान करत नाही. दोष रायफलीबरोबर गेला तर स्क्रू, साइट, हवा, पेलेट या क्रमाने बघा. (त्याआधी रायफल रिकामी आहे ना ते तपासा, आणि नळी कायम टार्गेटकडेच!) दोष माणसाबरोबर गेला तर उभं राहणं, श्वास, ट्रिगर आणि गोळी सुटल्यावरही क्षणभर तसंच स्थिर राहणं. एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि ग्रुप सुधारला, तर कशामुळे ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

आणि दोष दोघांतही नसेल तर खाली बघा. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये अभिनव बिंद्रा पात्रता फेरीत तिसरा होता, अंतिम फेरीत सातवा आला. त्याच्या लेनमधली पायाखालची फरशी सैल होती, हे पुढे कळलं. चार वर्षांनी बीजिंगमध्ये त्याने सुवर्णपदक घेतलं.

आपल्याच महाराष्ट्रातल्या अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, स्वप्निल कुसाळे यांची पदकं आपण कौतुकाने सांगतो. पण "मला जमत नाही" म्हणून पहिल्याच महिन्यात रेंज सोडून गेलेली पोरं कुणी मोजत नाही. त्यातल्या किती जणांचा नेम चुकत होता आणि किती जणांचा नुसता स्क्रू सैल होता? तेव्हा मंडळी, स्वतःला नापास करायच्या आधी पाच पेलेट मारा, टार्गेट हातात घ्या आणि नीट वाचा. रेंज रोज संध्याकाळी पाचला उघडते. स्क्रू ड्रायव्हर माझ्याकडे आहे.